मागे पडणारे घड्याळ

वऱ्हाडातील अकोला निराळा आणि प्रवरेच्या काठचे अकोले निराळे. हे दुसरे अकोले पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास आहे. अगस्ति ऋषींच्या आश्रमामुळे या गावास पावित्र्य आलेले. तालुक्याच्या एका अंगास कळसूबाई, रतनगड व हरिश्चंद्रगड यांची पावसाळी डोंगररांग, तर दुसऱ्या अंगास संगमनेराकडे उतरत जाणारे कोरडे माळरान. आगगाडीचा रूळ या गावास कधी लागला नाही. तेव्हा गाडीची शिट्टी ऐकून घड्याळ लावण्याची सोयही येथे नव्हती. तथापि अशा गावांतूनही चार बऱ्या घरांच्या ओसरीवर लंबकाचे भिंतीवरचे घड्याळ टांगलेले असे, आणि ते बहुधा मागे पडत असे.

मागे पडणाऱ्या घड्याळावर घरोघर एकच उपाय चालत आला आहे. कर्त्या पुरुषाने स्टुलावर चढावयाचे, काच उघडावयाची आणि बोटाने मोठा काटा पाच-दहा मिनिटे पुढे सारावयाचा. तापकऱ्याच्या काखेतील नळी काढून तीतील पारा झटकून खाली आणावा आणि ताप उतरला म्हणून सांगावे, अशातलाच हा प्रकार. काटा हे लक्षण आहे. रोग आत, दोन पितळी पत्र्यांच्या मध्ये कोठेतरी असतो. तो नेमका कोठे आहे हे शोधण्याच्या खटपटीतूनच कालमापनाची विद्या मोठी झाली, आणि त्या खटपटीचा आरंभ घड्याळाच्या फार पूर्वी, पाण्यावर तरंगणाऱ्या एका तांब्याच्या वाटीपासून होतो.

ही वाटी म्हणजे घटिकापात्र. बुडाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्याच्या घंगाळात सोडावयाचे. छिद्रातून पाणी आत चढत जाऊन ते बुडाले की एक घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, घटकेची साठ पळे, आणि अहोरात्राच्या साठ घटका. लग्नघरात हे पात्र एका जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवलेले असे, आणि ‘घटका भरली’ हा मराठी वाक्प्रचार या बुडत्या वाटीवरूनच आला आहे. यंत्र इतके साधे, की त्यात झिजण्यासारखे काही असेल असे वाटू नये. परंतु झीज तेथेही होतीच. पाण्यातील क्षार छिद्राच्या कडेस धरला की छिद्र अरुंद होई, पात्र सावकाश भरे आणि घटका लांबे. म्हणजे आजच्या भाषेत घड्याळ मागे पडे. उलट, तोच क्षार काढण्यासाठी कोणी उत्साही मनुष्याने सुई फिरविली की छिद्र रुंद होई आणि घटका अवेळीच भरे. दुरुस्तीनेच यंत्र बिघडते याचे इतके जुने उदाहरण दुसरे सापडणार नाही.

इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धांतशिरोमणि’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी याबाबतीत मोठे व्यवहारी मत दिले आहे. पात्र किती तांब्याचे, किती रुंद, छिद्रात किती मापाची सुई जावी, याची बारीक मापे काही जुन्या ग्रंथांतून सांगितलेली असत. भास्कराचार्यांनी त्या भानगडीत न पडता एवढेच सांगितले की, पात्र अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजावे आणि त्या संख्येने अहोरात्रास भागावे. येईल ते त्या पात्राचे मान. यंत्र निर्दोष असण्याचा आग्रह नाही. त्याचा दोष किती, हे मात्र ठाऊक पाहिजे. पुढील साऱ्या घड्याळविद्येला हा दृष्टिकोन पुरून उरला आहे.

त्यांच्याच नावाशी लीलावतीची कथा जोडलेली आहे. मुलीच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र लावले. ती वाकून पाहू लागली तेव्हा तिच्या अलंकारातील एक मोती निसटून पात्रात पडला आणि छिद्रावर बसला. पात्र बुडालेच नाही आणि मुहूर्त टळला. ही कथा फैजीने १५८७ साली ‘लीलावती’चे फारसी भाषांतर केले त्याच्या प्रस्तावनेत येते; म्हणजे ती आचार्यांच्या नंतर चारशे वर्षांनी लिहिली गेली, तेव्हा तिला इतिहास म्हणता येत नाही. परंतु कथा रचणाराला यंत्राचे मर्म कळले होते यात संशय नाही. आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आजही तेथे आहे. मोत्याची कथा काल्पनिक असली तरी शिलालेख खरा आहे.

युरोपात चाकांची घड्याळे तेराव्या-चौदाव्या शतकापासून देवळांच्या मनोऱ्यांवर चढली. पण ती दिवसाकाठी पाव पाव तास चुकत. खरे वळण १६५६ साली लागले. हॉलंडातील क्रिस्तियान हायगेन्स याने लंबक घड्याळास जोडला, आणि पाव तासाची चूक मिनिटाच्या आत आली. लंबकाच्या एका हेलकाव्यास लागणारा वेळ मुख्यतः त्याच्या लांबीवर अवलंबून असतो. बरोबर एका सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जाणारा लंबक सुमारे ९९.४ सेंटिमीटर लांब असतो. लांबी चौथाई केली तर वेळ निम्मा होतो. या एका सेकंदाच्या लंबकाची लांबी एका मिलिमीटरने वाढली तर घड्याळ दिवसाला सुमारे ४३ सेकंद मागे पडते. उन्हाळ्यात धातू प्रसरण पावतो, म्हणून दहा अंश सेल्सियस उष्णता वाढली तर पोलादी दांडीचे घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद आणि पितळी दांडीचे सुमारे आठ सेकंद गमावते. जॉर्ज ग्रॅहॅमने पाऱ्याचा लंबक करून आणि जॉन हॅरिसनने पोलाद-पितळेच्या गजांची जाळी जोडून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यावर तोड काढली. ओसरीवरच्या घड्याळांना मात्र असल्या चैनीचा लाभ क्वचितच झाला. फार तर स्वस्त लाकडी दांडी असे, आणि गंमत अशी की उष्णतेच्या बाबतीत लाकूड हे पितळेपेक्षा बरेच इमानी निघते.

घड्याळ मागे पडले म्हणजे ते झिजलेच, असेही नाही. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच ज्योतिषी दक्षिण अमेरिकेतील केयेन येथे गेला. पॅरिसमध्ये चोख चालणारे त्याचे घड्याळ विषुववृत्ताजवळ रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळात काही बिघाड नव्हता; लंबक मात्र आखूड करावा लागला. त्याचे कारण पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात मांडले: पृथ्वी मध्यभागी फुगीर असून ती फिरतेही, म्हणून विषुववृत्ताजवळ तिची ओढ कमी भरते आणि लंबक संथ हलतो. एका मागे पडणाऱ्या घड्याळाने पृथ्वीचा आकार सांगितला. हाच हिशेब आपल्याकडे लावून पाहण्यासारखा आहे. लंडनमध्ये बरोबर लावलेले लंबकाचे घड्याळ जसेच्या तसे महाराष्ट्रात आणून टांगले, तर केवळ अक्षांशाच्या फरकाने ते रोज पावणेदोन ते दोन मिनिटे मागे पडेल. ते मुंबईहून घाट चढवून सुमारे १,८०० फूट उंचीच्या अकोल्यास नेले, तर आणखी पाच-सात सेकंदांची भर पडेल. विलायती घड्याळ आपल्याकडे येऊन आळशी झाले असे म्हणणाऱ्यास एवढे उत्तर पुरे आहे.

आणि मागे म्हणजे तरी कोणाच्या मागे? हा प्रश्न १९०६ पूर्वी अगदी खरा होता. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे. आगगाड्या ज्या मद्रासच्या वेळेने धावत ती ५ तास २१ मिनिटे. अकोल्याचा स्वतःचा सरासरी मध्यान्ह मुंबईच्या आधी सुमारे पाच मिनिटे आणि मद्रासच्या नंतर सुमारे पंचवीस मिनिटे. म्हणजे अकोल्याच्या सूर्याशी इमान राखणारे निर्दोष घड्याळ घेऊन कोणी गाडी पकडण्यास दूरच्या स्थानकावर गेला, तर तेच घड्याळ पंचवीस मिनिटे मागे ठरे आणि गाडी निघून गेलेली असे. १ जानेवारी १९०६ पासून सर्व हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास ही एक वेळ ठरली. अकोल्याचा सूर्य या वेळेच्याही सरासरी ३४ मिनिटे मागेच आहे. मुंबईकरांनी आपली जुनी वेळ इतक्या सहजासहजी सोडली नाही. नगरपालिकेच्या कारभारात ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. घड्याळाच्या काट्यासाठी नागरिक भांडतात, हे पाहून आज हसू येते. परंतु गिरणीच्या भोंग्याने ज्याची झोप एकदम अर्धा-पाऊण तास आधी मोडणार होती, त्या कामगारास ते हसण्यासारखे नव्हते.

मुंबईची ही वेळ ठरविण्याचे काम कुलाब्याच्या वेधशाळेचे. ती ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली बांधली, आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ पुरविणे हा तिच्या मुख्य उद्देशांपैकी एक होता. जहाजावरील घड्याळ चार सेकंद चुकले तर रेखांश विषुववृत्तावर एका सागरी मैलाने चुकतो. त्यामुळे बंदरात असतानाच त्याची चूक मोजून घेणे नावाड्यास भाग असे. याच वेधशाळेत १८४० च्या सुमारास अलिबागजवळच्या नागावचा एक पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा साहाय्यक म्हणून लागला. तो म्हणजे पुढे गणिताचे नामांकित अध्यापक व पंचांगशोधक म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. ताऱ्यांच्या वेधाशी घड्याळ ताडून पाहणे, रोजची चूक वहीत टिपणे आणि काट्यास हात न लावणे, ही वेधशाळेची शिस्त होती. घड्याळ चुकते हे गृहीतच धरलेले. ते दररोज सारखेच चुकते की नाही, एवढे पाहावयाचे. भास्कराचार्यांच्या वाटीचाच हा न्याय होय.

मुंबईत घड्याळ म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो तो विद्यापीठाचा राजाबाई मनोरा. शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहून त्यांच्या मातोश्रींचे नाव ल्यालेल्या या मनोऱ्याचा पाया १८६९ साली घातला गेला आणि तो १८७८ साली पुरा झाला. उंची २८० फूट. त्याचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबई कधी पाहिली नव्हती. घड्याळही लंडनच्या लंड अँड ब्लॉकले यांच्या कारखान्यातले. राजाबाईंना दिसत नसे आणि जैन आचाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे, म्हणून त्यांना वेळ कळावी यासाठी शेठजींनी मनोरा बांधविला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर त्या घड्याळाने मागे पडून चालणारच नव्हते. मनोऱ्यावरच्या घड्याळाचे दुखणे घरच्या घड्याळाहून वेगळे असते. त्याचे काटे उघड्या हवेत, समुद्राचा खारा वारा व चार महिन्यांचा पाऊस खात, कबुतरांचा भार सोसत फिरतात. लंडनच्या पार्लमेंटवरील प्रख्यात घड्याळाच्या मिनिटकाट्यावर ऑगस्ट १९४९ मध्ये साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांचा थवा बसला आणि तेवढ्याने ते साडेचार मिनिटे मागे पडले. एरवी त्याच घड्याळाची चाल जुळविण्यासाठी लंबकावर जुनी पेनी नाणी ठेवीत. एक नाणे ठेवले की ते दिवसाला ०.४ सेकंदाने पुढे जाते. राजाबाई मनोऱ्याचा मोठा जीर्णोद्धार २०१३ ते २०१५ या काळात झाला. अशा घड्याळांना निदान देणगीदार मिळतात, वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे येतात. ओसरीवरच्या घड्याळाला एक घड्याळजी काय तो आधार.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घड्याळे आपल्या घरांत शिरली. न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनच्या ॲन्सोनिया कंपनीची अमेरिकन घड्याळे, जर्मनीतील श्रामबर्ग गावच्या युंगहान्सची घड्याळे, आणि पुढे १८९२ साली स्थापन झालेल्या जपानच्या सेइकोशा कारखान्याची घड्याळे ही नावे जुन्या तबकड्यांवर अजून वाचता येतात. त्यांतील बहुतेक आठवड्यास एकदा चावी देण्याची. दोन चाव्या: एक चालण्याची, एक ठोक्यांची. घराण्यात चावी देण्याचा मान एकाच माणसाकडे असे आणि मुलांनी हात लावल्यास धपाटा मिळे. काळजी एवढी, आतील यंत्राकडे मात्र ते बंद पडेपर्यंत कोणी पाहत नसे. पुष्कळ घड्याळांना तीस-तीस वर्षे तेलाचा थेंब मिळालेला नसे.

आत काय चालते ते थोडक्यात असे. चावी दिली की पोलादी कमान गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते, आणि तिचा जोर एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर चढत शेवटच्या हलक्या दातेरी चक्रापर्यंत येतो. हे चक्र भरकन फिरून जाऊ नये म्हणून त्यावर नांगराच्या आकाराचा एक तुकडा डुलत असतो. त्याच्या दोन टोकांना कारागीर पॅलेट म्हणतात. लंबक एका बाजूस गेला की एक पॅलेट एक दात सोडते व दुसरी पुढचा दात अडविते. सुटताना तो दात लंबकास हलकीशी टिचकी देऊन जातो. आपण ऐकतो ती टिकटिक म्हणजे दात पॅलेटवर आदळल्याचा आवाज. सेकंदाच्या लंबकाचे घड्याळ दिवसात ८६,४०० वेळा असा आघात करते, म्हणजे वर्षास तीन कोटी पंधरा लाखांहून अधिक वेळा. आणि ओसरीवरच्या घड्याळांचे लंबक आखूड, म्हणून त्यांचे ठोके याहून जास्त. रहाटाच्या दोराने विहिरीच्या दगडी काठास खाचा पडतात. येथे तर धातूवर धातू आहे.

झीज प्रथम कोठे होते? चक्रांच्या आसांची टोके पितळी पत्र्यांतील भोकांत फिरतात, तेथे. आस पोलादाचा, पत्रा पितळेचा. म्हणून पितळच झिजेल असे वाटते, पण प्रत्यक्षात दोन्ही झिजतात. अकोल्याच्या पूर्वेकडे उन्हाळ्यात जी बारीक धूळ उडते, तिचे कण मऊ पितळात रुतून बसतात आणि मग तेच भोक पोलादी आसास कानशीसारखे घासू लागते. पश्चिमेकडे, घाटघरच्या बाजूस, पावसाळाभर भिंतींस ओल असते. तेथे कमानीस व आसांस गंज धरतो. जुने तेल आटून काळपट चिकट होते आणि वंगण होण्याऐवजी गोंद होऊन बसते. गोल भोक हळूहळू लांबट होते. आस एका अंगास कलतो. दोन चक्रांचे दाते जेथे एकमेकांत नीट बसावयाचे तेथे कमी-अधिक खोल बसतात, आणि कमानीचा जोर वाटेतच जिरतो. पॅलेटवर दातांच्या माऱ्याने बारीक खळ्या पडतात. लंबकास ढकलणाऱ्या तारेची पकड ढिली होते. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी मुडपते किंवा चिरते.

येथे एक शंका रास्त आहे. वेळ जर लंबकाच्या लांबीवर ठरतो, तर आतील झिजेने घड्याळ मागे का पडावे? उत्तर नांगराच्या रचनेत आहे. या साध्या नांगरात पॅलेट दातास अडविते तेव्हा क्षणभर त्यास मागेही ढकलते, आणि त्या ढकलण्यात लंबकाचे परतणे थोडे लवकर होते. कमानीचा जोर भरपूर असेल तोवर ही घाई कायम राहते. जोर घटला की ती कमी होते आणि घड्याळ सुस्तावते. लंबकाचा झोका लहान झाला म्हणजे तो किंचित जलद हलावा, असे हायगेन्सचे गणित सांगते, आणि ते खरेही आहे. परंतु अशा घड्याळात बहुधा नांगराचा परिणाम त्यावर मात करतो. म्हणून परीक्षा अशी: घड्याळ रोज सारखेच मागे पडत असेल तर दोष लांबीचा, गोळ्याखालची मळसूत्राची चाकी फिरविली की काम झाले. परंतु चावी दिल्यावर दोन दिवस ठीक आणि आठवड्याच्या अखेरीस अधिकाधिक मागे, असे होत असेल तर चाकीस हात लावू नये. घड्याळ उघडलेच पाहिजे.

उघडल्यावरही आडमार्ग पुष्कळ आहेत. सर्वांत प्रसिद्ध उपाय रॉकेलचा. सबंध यंत्र रॉकेलमध्ये बुचकळून काढले की घाण सैल होते, घड्याळ दोन महिने झकास चालते आणि मालक दुवा देतो. परंतु सैल झालेली घाण भोकांतच राहते आणि झीज दुपटीने सुरू होते. दुसरा उपाय याहून घातकी. लांबट झालेल्या भोकाभोवती टोकदार पंचाने ठोके मारून पितळ आत दाबावयाचे, म्हणजे भोक आवळते. पुष्कळ जुन्या घड्याळांच्या पत्र्यांवर भोकांभोवती देवीच्या व्रणांसारखे हे खळगे दिसतात. आसास असा आधार एका कडेपुरताच मिळतो, तो लवकर झिजतो, आणि पुढच्या कारागिरास चांगला पत्रा उरत नाही. असे करणाऱ्याला केवळ दोष देऊन चालणार नाही. गिऱ्हाईक चार आणे देण्यास कुरकुरे. चार आण्यांत चार आण्यांचेच काम होणार. घड्याळाचा नाश कारागिराच्या हातून झाला खरा, पण त्याची किंमत मालकाने ठरविली होती.

चांगले काम पुढीलप्रमाणे होते. प्रथम कमानीचा जोर चावीने धरून हळूहळू उतरवावयाचा. भरल्या कमानीनिशी पत्रे उघडले तर दाते तुटतात आणि बोटेही. मग प्रत्येक चक्र सुटे करून धुवावयाचे, भोके लाकडी काडीने आतून पुसून काढावयाची आणि एकेक आस भोकात ठेवून डोलवून पाहावयाचा. जेथे वाजवीपेक्षा अधिक डोलतो ते भोक मुळातल्या मध्यबिंदूवरून रुंद करावयाचे. सारे कौशल्य येथेच आहे, कारण झीज एका अंगास झालेली असते आणि हत्यार आपोआप त्याच बाजूस घसरू पाहते. रुंद केलेल्या भोकात पितळेची नवी नळी, कारागिरांच्या भाषेत बुश, घट्ट बसवून तिच्यात आसाच्या मापाचे भोक पाडावयाचे. आसाचे टोक खरखरीत झाले असल्यास ते घासून आरशासारखे गुळगुळीत करावयाचे. नव्या बुशात जुना खरखरीत आस घातला तर सहा महिन्यांत पुन्हा तेच. पॅलेटवरील खळी उथळ असेल तर घासून नाहीशी होते. खोल असेल तर जुने कारागीर एक सोपी युक्ती करीत. पॅलेट दातांच्या मानाने रुंद असते, म्हणून ती आसावर किंचित बाजूस सरकविली की दात कोऱ्या भागावर पडू लागतात, आणि घड्याळास दुसरे आयुष्य मिळते. तेल प्रत्येक भोकास सुईच्या टोकाएवढे. चक्रांच्या दात्यांस मुळीच नाही, कारण तेथे ते धूळ धरण्यापलीकडे काही करीत नाही.

ही कारागिरी पुस्तकातून फारशी आली नाही. दुकानात मांडी घालून, डोळ्यास भिंग लावून, बापापासून मुलास किंवा उस्तादापासून शागिर्दास ती मिळाली. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. बस धावली, आणि पुढे वेळापत्रक रेल्वे नसलेल्या तालुक्यांतही पोहोचले. मग घड्याळाची दुरुस्ती ही हौसेपेक्षा गरजेची गोष्ट झाली. १९६१ साली बंगलोरच्या एच. एम. टी. कारखान्याने देशी मनगटी घड्याळे काढावयास प्रारंभ केला आणि दुरुस्तीच्या दुकानांस आणखी काम मिळाले. पण १९६९ च्या नाताळात जपानी सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्यातील स्फटिक पुढे ठरलेल्या मापाप्रमाणे सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावू लागले. काही वर्षांतच भिंतीवरची क्वार्ट्झ घड्याळे इतकी स्वस्त झाली की दुरुस्तीपेक्षा नवे घेणे परवडू लागले. एच. एम. टी.चा घड्याळ-कारखानाही २०१६ साली बंद झाला. आज तालुक्याच्या गावी घड्याळाच्या दुकानात बहुतेक सेल बदलणे आणि पट्टा लावणे एवढेच काम उरले आहे. बुश बसविणारा हात शोधावा लागतो. ज्यांच्या घरी आजोबांचे घड्याळ अजून आहे, त्यांनी तो शोध हात थकण्यापूर्वी केलेला बरा.

घड्याळ दुरुस्त होऊन आले म्हणजे काम संपत नाही. ते ओळंब्यात टांगावे आणि डोळे मिटून ऐकावे. ‘टिक’ आणि ‘टक’ यांमधील अंतर सारखे पाहिजे. लंगडत असेल तर पेटी किंचित डावी-उजवी सरकवून ते सारखे करावे. मग चावी द्यावी, रेडिओवरील वेळेच्या ठोक्यास काटे जुळवावे आणि आठ दिवस त्यांना हात लावू नये. रोज त्याच ठोक्यास चूक किती ते कागदावर टिपावे. पहिल्या दिवसाची चूक आणि सातव्या दिवसाची चूक जवळजवळ सारखी आली, तर झीज खरोखर निघाली. मग उरलेला फरक चाकीने काढावयाचा: पाव मीटर लांबीच्या लंबकाचा गोळा एक मिलिमीटर वर चढविला, की घड्याळ दिवसाला सुमारे तीन मिनिटे पुढे सरकते. चाकी एका वेळी अर्धाच फेरा फिरवावी, आणि पुन्हा आठ दिवस थांबावे.